डावा पाय, उजवी पट्टी

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
११ नोव्हेंबर २०२४

चि. सुनंदा,
अनेक आशीर्वाद.

भाऊ बदलापुरात, बहीण उल्हासनगरात, मध्ये फक्त अंबरनाथ, आणि तरी पोस्टानं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. सगळे खुशाल आहेत. हा माझा गृहपाठ आहे.

आमच्या गिरिभ्रमण मंडळानं आम्हा लीडर लोकांसाठी दोन रविवारचा कोर्स ठेवला होता. मानसिक प्रथमोपचार. डोंगरात कुणाचा पाय मुरगळला तर काय करायचं हे मला फॅक्टरीत होतो तेव्हापासून येतं. कुणाचं मन मुरगळलं तर काय करायचं, ते यात शिकवलं. शिकवायला धम्मदीप म्हणून एक तरुण आला होता. तो म्हणाला, "लीडर सगळ्यांचं ऐकतो, त्याचं कोण ऐकतं? विश्वासातल्या माणसाला अधूनमधून मोकळेपणानं लिहीत जा." मी तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, तोंडी ऐकते तेवढं पुरे आहे. म्हणून तू.

कोर्स फार उत्तम. माणूस गप्प झाला, जेवेना, घराबाहेर पडेना, की आपण ओळखायचं. आडवळणानं नाही, सरळ विचारायचं. मी लगेच अंमलात आणलं. आमच्या सोसायटीचे दिनानाथ आठवडाभर कुणाशी बोलत नव्हते. मीटिंगमध्ये गप्प, जिन्यात गप्प. मी त्यांना गेटवर गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दिनानाथ, जगणं नकोसं वाटतंय का?" ते एक पाऊल मागे सरले. मग तोंडावर रुमाल धरून म्हणाले, "नवी कवळी बसवली आहे हो. सुटते." संध्याकाळपर्यंत त्यांच्या मिसेसचे मला तीन फोन आले, तिन्ही रागाचे.

तुझा पाय कसा आहे? प्लास्टर कधी निघणार? तुझ्या पुष्करचा साखरपुडा पंधरा डिसेंबरला आहे, हॉलवाल्याला ॲडव्हान्स गेला आहे. तोवर तू चालती हो.

तुझा,
शशिकांतदादा


उल्हासनगर-४
१६ नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न.

पत्र मिळालं. पोस्टमन खालून ओरडला, मी गॅलरीतून टोपली सोडली, त्यानं त्यात टाकलं. हल्ली माझं सगळं टोपलीतूनच येतं. भाजी, दूध, गोळ्या. काल तळमजल्यावरच्या लाजवंतीनं गरम कोकी, तिची ती जाड सिंधी पोळी, पाठवली, वर येईस्तोवर कावळ्यानं अर्धी नेली.

दिनानाथांचं वाचून इतकी हसले की लाजवंती दार वाजवत आली, "अदी, क्या हुआ?" म्हणून; सिंधीत ताईला अदी म्हणतात. दादा, सरळ विचारायचं म्हणजे गेटवर, वॉचमनसमोर नाही विचारायचं. हे कोर्समध्ये सांगितलं नव्हतं का?

पाय तसाच आहे. प्लास्टर अजून आहे. हाडं म्हातारी झाली की वेळ लागतो, डॉक्टरच म्हणाले. मी म्हणते, साखरपुडा पुढे ढकलावा. नाहीतर इथेच करा, माझ्या घरी. मोजकी माणसं. अंबरनाथला चैत्रालीच्या आईवडिलांना तू समजावून सांग, तुझ्या शब्दाला मान आहे.

मी झोपते, जेवते, टीव्ही बघते. तुझ्या कोर्सप्रमाणे माझं सगळं बरोबर आहे.

सुनंदा


बदलापूर
२५ नोव्हेंबर

चि. सुनंदा,

काल चंदेरीच्या गुहेपर्यंत ट्रेक नेला होता. वांगणीच्या बाजूनं चढलो. बारा-पंधरा माणसं. कोर्सनंतरचा पहिलाच ट्रेक, त्यामुळे मी सुरुवातीपासून डोळ्यांत तेल घालून होतो.

माझं लक्ष गेलं जनूकडे. हा जांभूळचा, तिथल्या पाण्याच्या प्लांटवर नोकरीला. एरवी बडबड्या माणूस, काल तोंडातून शब्द नाही. नाश्त्याला पोहे नको म्हणाला. सारखा मागे रेंगाळत होता. मी म्हटलं, लक्षणं जुळताहेत. मी त्याला एकटं सोडलंच नाही. तो थांबला की मी थांबलो, तो बसला की मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मी आहे. बोलावंसं वाटेल तेव्हा बोल." अर्धा डोंगर चढून झाल्यावर तो ओरडला, "काका, मना सकालपासून झारामांग जावाचं हाय, तुमी सोरतंच नाय!"

मी त्याला सोडला.

आणि ज्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं, तो अडकला. अमित. अंबरनाथचा. जिममध्ये घडवलेलं शरीर, दोन बायकांच्या सॅक स्वतःच्या खांद्यावर, चढताना सगळ्यांना टाळ्या देत होता. गुहेच्या अलीकडे एक छोटा कातळ आहे, तो चढला मजेत. उतरताना मात्र कडेला आला, खाली पाहिलं आणि पुतळा झाला. दोन्ही हातांनी खडक धरलेला, घाम, ओठ पांढरे, श्वास भात्यासारखा.

मी आधी जे केलं ते ऐक, म्हणजे तुला हसता येईल. मी म्हणालो, "घाबरू नकोस." मग मोठ्यानं म्हणालो, "अरे, घाबरू नकोस!" मग म्हणालो, "एवढा पैलवान गडी तू, त्या बघ, मावशी उतरल्या." आमच्या मंडळातल्या मावशींनी खालून हात हलवला. अमितनं डोळे मिटले. अजून घट्ट धरलं.

तेव्हा मला धम्मदीप आठवला. तो म्हणाला होता, घाबरू नकोस म्हटल्यानं कुणी घाबरायचं थांबलंय असं अजून पाहिलेलं नाही. मी सगळ्यांना खाली झाडाखाली पाठवलं, पाठ करून बसा म्हटलं. कातळाच्या वर सपाट जागा आहे, तिथे त्याला मागं घेऊन बसवलं. छातीत दुखतंय का, हात जड झालाय का, विचारलं; कारण भीती समजून हृदयाचं दुखणं अंगावर काढायचं नसतं. पूर्वी असं झालंय का, विचारलं. मानेनं हो म्हणाला. मग म्हटलं, "अमित, घाई नाही. श्वास हळूहळू सोड, मी पण सोडतो." आणि गप्प बसलो. सुनंदा, मला गप्प बसणं किती जड जातं तुला माहीत आहे. पण बसलो. बऱ्याच वेळानं विचारलं, "आत्ता काय केलं तर तुला बरं वाटेल?"

तो म्हणाला, "काका, खालून कुणी 'कम ऑन अमित' म्हणू नका. आणि तुम्ही माझ्या एक पाऊल खाली राहा."

बस्स. एवढंच हवं होतं त्याला. दोर बांधला, मी खाली, तो वर. पाय कुठे ठेवायचा तेवढंच सांगत गेलो. उतरला.

आता दुसरं. चैत्रालीच्या वडिलांना साखरपुडा पुढे ढकलायचं सांगितलं. ते "बरं" म्हणाले, पण ते 'बरं' बरं नव्हतं. तुझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर करायचं म्हटल्यावर तर त्यांनी विषयच बदलला. तुला मुलगी पसंत नाही का? सरळ विचारतोय.

शशिकांतदादा


उल्हासनगर-४
३० नोव्हेंबर

ति. दादास,
सा. न.

मुलगी मला पसंत आहे. तिला सुरणाची भाजी आवडते हे ऐकलं त्या दिवसापासून पसंत आहे. भलतं काही मनात आणू नकोस, आणि वहिनीच्या तर मुळीच आणू नकोस; तिच्या मनात आलं की अंबरनाथपर्यंत जातं.

तो अमित. त्याला चढताना काहीच वाटलं नाही ना? फक्त उतरताना? कड्याशी आल्यावर त्याच्या पायात गोळे आले की पाय कापसाचे झाले? डोळे मिटल्यावर त्याला बरं वाटत होतं की जास्तच गरगरत होतं? पूर्वी असं झालं होतं म्हणाला, ते पडला होता म्हणून का? आणि घरी गेल्यावर त्याला लाज वाटली का? आता तो काय करतो? कुठे जाणं बंद केलं का त्यानं?

सहज विचारते. वेळ जात नाही.

जनूला माझा नमस्कार सांग.

सुनंदा

ता. क. पंधरा तारीख रद्दच करा. पुढे पौष लागतो, पौषात नकोच. मग माघात बघू.


बदलापूर
६ डिसेंबर

चि. सुनंदा,

या वयात तुला ट्रेकिंगची एवढी आवड लागावी याचा आनंद वाटला. पाय बरा झाला की कोंडेश्वरला नेतो, तिथे चढ नाही.

तुझे प्रश्न घेऊन मी खरंच अमितच्या घरी गेलो. त्यानं चहा दिला आणि सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो विहिरीच्या कठड्यावरून घसरला होता. लागलं फारसं नाही. पण तेव्हापासून उंचावरून खाली बघितलं की पाय कापसाचे होतात. तुझाच शब्द, कापसाचे. ऑफिस सातव्या मजल्यावर आहे, तर खिडकीजवळचं टेबल यानं कुणाला तरी देऊन टाकलं. मित्रांसोबत पुलावरून जायचं टाळायचा, आणि काहीतरी गंमत करून वेळ मारून न्यायचा. लाज वाटत होती, म्हणूनच तर चंदेरीला आला. एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून. मी त्याला म्हटलं, मी प्रथमोपचारवाला, टाके घालणारा नाही. त्यासाठी माणसं आहेत. आता तो कल्याणला एका समुपदेशक बाईंकडे जातो. त्या त्याला आधी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभं करतात, मग दुसऱ्या.

आता रागावू नकोस. मी आणि तुझी वहिनी चैत्रालीच्या घरी गेलो होतो, त्यांची समजूत काढायला. मी म्हणालो, "सुनंदाच्या मनात तुमच्या मुलीबद्दल काहीही नाही." मला म्हणायचं होतं, वाईट काही नाही. वहिनीनं कोपर मारलं, पण शब्द गेला होता. चैत्राली आत निघून गेली. तिचे वडील मला दारापर्यंत सोडायला आले आणि चपला नीट लावून दिल्या, म्हणजे बघ.

अजून एक. परवा तुझ्याकडे आलो होतो तेव्हा पट्टी तुझ्या उजव्या पायाला होती. ऑगस्टमध्ये पडलीस तेव्हा डावा म्हणाली होतीस असं मला आठवतंय. आणि प्लास्टर म्हणालीस, तर ती नुसती क्रेप पट्टी होती. आयुष्यभर क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलं, तरी आता असं विसरायला होतं. वय झालं.

शशिकांतदादा


उल्हासनगर-४
११ डिसेंबर

दादा,

डावाच होता.

प्लास्टर दसऱ्यालाच निघालं. डॉक्टरांचा माणूस घरी येऊन कापून गेला. म्हणाला, खाली या, एक्स-रे काढू, मग चाला बिनधास्त. मी घरात बिनधास्त चालते. पोळ्या लाटते, माळ्यावरचे डबे काढते. पण दाराबाहेर पहिल्या पायरीशी आले की ते होतं. पाय कापसाचे. जिना खाली वाहत गेल्यासारखा दिसतो. छातीत असं धडधडतं की आता हेच शेवटचं. दार लावलं की बंद.

पुष्करला चेन्नईत काय सांगू? जिना उतरता येत नाही म्हणून तुझा साखरपुडा अडलाय? चव्वेचाळीस वर्षं मी हा जिना उतरतेय, पाण्याच्या कळशा घेऊन उतरले-चढले आहे. तू येणार असलास की मी पट्टी बांधते. तू आलास त्या दिवशी बेल वाजली तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती, गडबडीत पाय चुकला.

हसायचं तर हस. पण वहिनीला सांगू नकोस.

सुनंदा


बदलापूर
१३ डिसेंबर

सुनंदा,

हसलो नाही. वहिनीला सांगितलं नाही.

हे पत्र मी आधी दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात तुला उपदेश केला होता. दुसऱ्यात "घाबरू नकोस" लिहिलं होतं.

गावभर लक्षणं शोधत फिरलो, आणि तू टोपलीतून जगतेस हे मला पत्रात लिहून कळवलंस तरी मी फक्त कावळ्याला हसलो. असो. त्याबद्दल मी धम्मदीपशी बोलेन, तुझ्यावर टाकणार नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे, नाटक नाही, आणि तुझा पाय कमजोर आहे म्हणूनही नाही. पडल्यावर असं होतं माणसाला. यातून बाहेर येतात. मी एक सरळ विचारतो, आणि आत्ता गेटवर नाही, फक्त तुला विचारतो. या कोंडलेपणात जगणं नको असं कधी मनात येतं का? काहीही उत्तर असलं तरी मला सांग, मी घाबरणार नाही. पत्राची वाट बघू नकोस, फोन कर.

आणि दुसरं. आत्ता काय केलं तर तुला बरं वाटेल?

दादा


उल्हासनगर-४
१९ डिसेंबर

ति. दादास,

फोनवर बोललोच, तरी लिहून ठेवते, म्हणजे तू परत परत विचारणार नाहीस. नाही, तसं येत नाही. संध्याकाळी खालून बायका गप्पा मारताना ऐकल्या की रडू येतं, तेवढं येतं. आणि विचारलंस ते बरं केलंस. मला कुणीतरी विचारावं असं वाटत होतं.

तू सांगितलंस त्या समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर बोलले. मला वाटलं वेड्यांची डॉक्टर असेल. ती विचारत होती, जिन्याला कठडा कुठल्या बाजूला आहे. फार व्यवहारी बाई आहे. तिच्या सांगण्यानुसार रोज दार उघडून उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसते. लाजवंती समोर येऊन वाटाणे सोलते. काल आम्ही खुर्च्या पहिल्या पायरीपाशी नेल्या.

पुढच्या गुरुवारी ये. एक्स-रेला जायचं आहे. शिट्टी आणू नकोस, दोर आणू नकोस. आणि भाषण करू नकोस.

सुनंदा


उल्हासनगर-४
२८ डिसेंबर

चि. चैत्राली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या होणाऱ्या सासूचं पत्र पोस्टानं येतंय याचं तुला नवल वाटेल. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

साखरपुडा तुझ्यामुळे पुढे ढकलला नाही. पुष्करचे मामा तुमच्याकडे येऊन जे काही बोलून गेले, ते विसरून जा; तुझ्या बाबांनी चपला लावून दिल्या, म्हणजे ते रागावले असं मामांना वाटतंय. मनानं सोन्याचा माणूस आहे, वाक्य मात्र त्याला पुरं करता येत नाही. खरं कारण असं की ऑगस्टमध्ये मी जिन्यावरून पडले आणि पाय बरा झाल्यावरही मला जिना उतरायची भीती बसली. लाजेपायी मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुझ्या घरच्यांना त्याचा त्रास झाला. त्याची मी माफी मागते.

परवा गुरुवारी मी उतरले. कसं ते सांगते, कारण तू हसशील असं मला वाटतं.

मामा आले. शिट्टी नाही, दोर नाही, पण पाठीवर भली मोठी सॅक. आत काय, तर पाणी, ग्लुकोज, गूळ-शेंगदाणे, टॉर्च आणि रेनकोट. डिसेंबरात, तीन मजल्यांसाठी. मी म्हटलं, मुक्काम करायचा आहे का? ते म्हणाले, "तयारी असावी." मग कोर्समध्ये सांगितल्याप्रमाणे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना विनंती केली की कुणी बघू नका. त्यामुळे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. सगळी दारं बोटभर किलकिली.

ते माझ्या एक पायरी खाली उभे राहिले, तोंड माझ्याकडे करून. मी कठडा धरला आणि ते सुरू झालं. धडधड, गरगर, सगळं. मी म्हटलं, "दादा, नाही जमत." मला वाटलं आता भाषण येणार. ते फक्त म्हणाले, "बरं. मग इथेच बसू." आणि पायरीवर बसले. मीही बसले. आम्ही भावंडं तिथे बसून गूळ-शेंगदाणे खाल्ले. मामा एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मलाच माहीत.

थोड्या वेळानं मी उठले. एक उतरले. मग एक. दुसऱ्या मजल्यावर परत बसलो. जिथे पडले होते त्या वळणाशी मी रडले, चांगली रडले. मामांनी रुमाल दिला, तेवढंच. मग मी म्हटलं, "पाय कुठे ठेवू ते सांग." ते सांगत गेले. तळमजल्यावर लाजवंती दारात पाठ करून उभी होती, बघायचं नाही म्हणून, आणि पाठीमागूनच विचारत होती, "अदी, आयी क्या? आयी क्या?" मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रस्ता ओलांडून एक्स-रे काढला. हाड उत्तम आहे. परत वर चढून आले, चढायला काही वाटत नाही. मामा मात्र धापा टाकत होते, सॅकमुळे.

शुक्रवारी परत उतरले, ते जास्त कठीण गेलं. आज तिसऱ्यांदा. बाई म्हणाल्या आहेत की मधूनच परत वाटेल, तेव्हा घाबरून दार लावून घ्यायचं नाही. तर वसंतपंचमीला साखरपुडा करू. हॉलमध्ये, सगळ्यांना बोलावून.

पण त्याआधी मला तुझ्या घरी येऊन तुझ्या आईवडिलांची माफी मागायची आहे. तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता असं कळलं. वर चढून मी येईन. उतरताना माझ्या एक पायरी खाली कुणीतरी उभं राहायला हवं. तू राहशील का? बोलावं लागत नाही काही.

तुझी,
सुनंदा


अंबरनाथ (पूर्व)
१ जानेवारी २०२५

ति. आईंना,
नमस्कार.

हे मी आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्र आहे. पाकिटावर तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावतात ते गुगल केलं.

पत्र वाचून हसले, मग रडले, मग बाबांना वाचायला दिलं. ते रेनकोटपाशी जे हसायला लागले ते अजून मधेच हसतात. मामांना सांगा, चपला बाबांनी रागानं नाही लावल्या, त्यांना ती सवयच आहे. आमच्या सगळ्यांच्या लावतात.

आई, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. चांगली आहे, नवीन आहे, आरसाबिरसा आहे. मी तिच्यात पाऊल ठेवत नाही. दार बंद झालं की मला श्वास मिळेनासा होतो. घरी सगळ्यांना वाटतं मी फिटनेससाठी जिना वापरते. पुष्करलाही तेच वाटतं, तो मित्रांना कौतुकानं सांगतो. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिल्या.

रविवारी या. सुरणाची भाजी करते. तुम्ही याल तेव्हा मी खाली थांबलेली असेन. वर जाताना दोघी जिन्यानंच जाऊ, आणि उतरताना मी एक पायरी खाली राहीन.

आणि कधीतरी, लगेच नाही, तुम्ही माझ्याबरोबर लिफ्टमध्ये उभ्या राहा. फक्त एकच मजला. काही बोलू नका.

तुमची,
चैत्राली